बार्सिलोनात पहिल्या दिवशी साग्रादा फामिलिया पाहू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बार्सिलोनात चार पूर्ण दिवस आहेत, सोबत सत्तरीला टेकलेले आई-बाबा आणि बारा वर्षांची मुलगी. यादीत चौदा ठिकाणं, त्यातली निम्मी आंतोनी गाउदी या वास्तुविशारदाची. चौघांची तिकिटं धरली तर आकडा विमानाच्या एका तिकिटाच्या आसपास जातोय. मग काय गाळायचं? आणि पहिल्या दिवशी सकाळीच त्याचं ते प्रचंड चर्च, साग्रादा फामिलिया, उरकून टाकावं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नको.

मी वास्तुविशारद आहे, शिकायला दोन वर्षं त्या शहरात होतो. पुढे विद्यार्थ्यांचे गट घेऊन बऱ्याचदा गेलो, दोनदा घरच्यांनाही नेलं. पहिल्या गटाच्या वेळी मीही तुमच्यासारखाच विचार केला होता. हॉटेलात सामान टाकलं आणि पोरांना थेट साग्रादात नेलं. सगळे आ वासून बघत राहिले, मीही खूश. पुढचे तीन दिवस मात्र काहीही दाखवलं तरी चेहरे असे, की आधी पोटभर बासुंदी वाढून मग कुणी वरणभात पुढे केलाय. तेव्हापासून मी क्रम उलटा केला. बासुंदी शेवटच्या दिवशी.

यामागे आणखी एक कारण आहे. गाउदी म्हणजे वेडीवाकडी, स्वप्नातली घरं बांधणारा अवलिया, असं चित्र फोटोंवरून तयार होतं. प्रत्यक्षात तो माणूस आयुष्यभर एकच जुना प्रश्न सोडवत होता: छताचा भार जमिनीपर्यंत कसा न्यायचा? कमान भार खाली नेते, पण नेताना बाजूलाही ढकलते. दगडी कमानीखालचे दोन्ही पाय फाकायला बघतात. त्यांना आवरायला मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक शैलीच्या कारागिरांनी भिंतींना बाहेरून भलेमोठे टेकू दिले. गाउदी त्या टेकूंना कुबड्या म्हणायचे. तर आधी कुबड्यांचा प्रश्न बघा, मग कुबड्या फेकून दिलेली इमारत बघा. एवढा धागा हातात असला की चौदा ठिकाणांची यादी आपोआप आटोपशीर होते.

म्हणून पहिला दिवस जुन्या शहरात, आणि सुरुवात सांता मारिया देल मार या चर्चपासून. तुमच्या यादीत ते नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. फोटोत ते काहीच दिसत नाही. १३२९ मध्ये काम सुरू झालं आणि १३८३ मध्ये संपलं. चोपन्न वर्षं. त्या काळातली मोठी चर्चं दोन-दोन, तीन-तीन शतकं रेंगाळायची, त्यामुळे एकाच इमारतीत चार पिढ्यांच्या आवडीनिवडी भांडताना दिसतात. इथे तसं नाही, सगळं एका हाताचं वाटतं. हा भाग तेव्हा बंदराजवळच्या खलाशांचा आणि व्यापाऱ्यांचा. बंदरावरच्या हमालांनी, तिथल्या भाषेत बास्ताइशोसनी, मोंजुइक टेकडीवरच्या खाणीतला दगड पाठीवर वाहून आणला, तोही फुकट. मुख्य दरवाजावर ओझं वाहणाऱ्या त्या हमालांच्या छोट्या ब्राँझच्या आकृत्या आहेत. मुलीला म्हणा, शोध. मोठ्यांच्या आधी तिलाच सापडतील.

आत गेल्यावर फोटो काढू नका, मागच्या बाकावर दहा मिनिटं बसा. अष्टकोनी खांब, विलक्षण सडपातळ, आणि दोन खांबांमधलं अंतर साधारण तेरा मीटर. मधला आणि बाजूचे पट्टे जवळजवळ सारख्याच उंचीचे, त्यामुळे तीन भाग असूनही जागा एकच वाटते. मग बाजूच्या भिंतीकडे बघा. तिथे एकापुढे एक छोटी प्रार्थनागृहं आहेत आणि त्यांच्यामधल्या जाड आडव्या भिंती म्हणजेच टेकू. उत्तरेकडच्या चर्चमध्ये हे टेकू बाहेर लटकतात. कातालान, म्हणजे बार्सिलोनाच्या कातालोनिया प्रांतातल्या, कारागिरांनी ते आत ओढून घेतले आणि मधल्या फटीही वापरात आणल्या. म्हणून ही इमारत बाहेरून एखाद्या गोदामासारखी ठोकळेबाज दिसते आणि आतून हलकी. आज जे नितळ, रिकामं आतलं रूप आपल्याला भावतं, त्याला १९३६ ची आग कारणीभूत आहे. यादवी युद्धाच्या सुरुवातीला हे चर्च पेटवलं गेलं आणि अकरा दिवस जळत राहिलं. नंतरच्या शतकांत भरलेली सोनेरी नक्षी त्यात गेली आणि मूळचा दगड तेवढा उरला. नुकसान झालं, हे खरं. पण तिथे बसलं की ते नुकसान वाटत नाही, हेही खरं.

तिथून गॉथिक मोहल्ला चालत दहा मिनिटांवर. एक गुपित सांगून ठेवतो: या मोहल्ल्यातलं बरंच ‘मध्ययुगीन’ हे विसाव्या शतकातलं आहे. सगळे ज्याखाली उभे राहून फोटो काढतात तो कारेर देल बिस्बेवरचा नक्षीदार पूल १९२८ चा. कॅथेड्रलचं दर्शनी तोंडही १९१३ पर्यंत चाललेलं काम. आतलं कॅथेड्रल मात्र खरंच जुनं आहे आणि त्याच्या चौकात तेरा पांढरी हंसबदकं पाळलेली आहेत. शहराची संत एउलालिया तेरा वर्षांची असताना हुतात्मा झाली म्हणून तेरा. तुमच्या मुलीला चर्चपेक्षा ती जास्त लक्षात राहतील. जवळच कारेर पारादीस नावाच्या बोळात एका जुन्या इमारतीच्या चौकात रोमन देवळाचे चार उंच खांब उभे आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे. तिकीट नाही, पाटीही जेमतेम.

दुपारी आई-बाबांना टेकायला रावाल मोहल्ल्यातल्या जुन्या सांता क्रेउ रुग्णालयाच्या चौकात न्या. गॉथिक कमानी, संत्र्याची झाडं, बाकं. आता तिथे कातालोनियाचं ग्रंथालय आहे. ७ जून १९२६ ला ट्रामने उडवलेल्या एका फाटक्या कपड्यातल्या म्हाताऱ्याला भिकारी समजून याच रुग्णालयात आणलं गेलं. तो गाउदी होता, हे लोकांच्या उशिरा ध्यानात आलं. १० जूनला ते गेले. ही जागा आधी बघितलेली असली की चौथ्या दिवशी साग्रादाच्या तळघरातली त्यांची समाधी बघताना दोन्ही टोकं जुळतात.

ला रांब्ला या प्रसिद्ध रस्त्यावरून एकदा चाला आणि विसरून जा. पाकीट पुढच्या खिशात, फोन हातात पण घट्ट. मेट्रोत दार बंद होताहोता माझं पाकीट गेलं होतं, आणि मी तेव्हा तिथला ‘रहिवासी’ होतो. पाठीवरची पिशवी पोटावर घ्यायला लाज वाटू देऊ नका.

दुसरा दिवस एशाम्प्लाचा, म्हणजे जुन्या शहराबाहेर वाढवलेल्या चौकोनी शहराचा. लोक इथे गाउदीची दोन घरं बघायला येतात आणि घरं ज्या रस्त्यावर आहेत तो रस्ता बघत नाहीत. बार्सिलोना १८५४ पर्यंत तटबंदीत कोंडलं होतं. त्या वर्षी तट पाडायला परवानगी मिळाली. आपल्या मुंबईतल्या फोर्टची तटबंदी त्यानंतर दहाएक वर्षांत पडली, म्हणजे दोन बंदरांनी जवळजवळ एकाच सुमारास श्वास मोकळा केला. पुढे काय करायचं, यावर मात्र बार्सिलोनाकडे इल्देफोन्स सेर्दा नावाचा स्थापत्य अभियंता होता. दाटीवाटीच्या वस्त्यांत कामगार किती जागेत राहतात आणि किती लवकर मरतात, याचे आकडे त्याने बारकाईने गोळा केले होते. १८५९ मध्ये मंजूर झालेला त्याचा आराखडा या आकड्यांतून निघाला. ११३.३ मीटर बाजूचे चौकोन, निदान वीस मीटर रुंद रस्ते, प्रत्येक चौकोनाचे चारही कोपरे छाटलेले, आणि सगळी जाळी उत्तर दिशेला पंचेचाळीस अंशांनी तिरकी, म्हणजे घराच्या कुठल्याही बाजूला दिवसात कधीतरी ऊन पोचावं.

सेर्दाने चौकोनाच्या दोनच बाजूंना घरं आणि मध्ये बाग कल्पिली होती. जागेचा भाव कळल्यावर मालकांनी चारही बाजू बांधल्या, मजले चढवले, मधली बाग गोदामांनी भरली. हे वाचताना पुण्या-मुंबईचा माणूस नुसती मान डोलावेल. पण छाटलेले कोपरे टिकले. प्रत्येक चौरस्ता त्यामुळे छोटा अष्टकोनी चौक होतो, हवा खेळते, वळताना समोरचं दिसतं. नकाशावर कंटाळवाणी वाटणारी ही जाळी चालताना कंटाळवाणी वाटत नाही, ती या कोपऱ्यांमुळे. कारेर रोजेर दे यूरियावर एका चौकोनाच्या पोटात जुनी विटांची पाण्याची टाकी आणि तिच्याभोवतीची बाग परत मोकळी केली आहे. बोगद्यासारख्या बोळातून आत जा. सेर्दाच्या मनात काय होतं ते तिथे दिसतं. कोन्सेल दे सेंत हा रस्ता २०२३ मध्ये गाड्यांकडून काढून चालणाऱ्यांना दिला, आई-बाबांच्या गुडघ्यांना तोही सोयीचा.

पासेच दे ग्रासिया या हमरस्त्यावर आलात की आधी खाली बघा. पदपथाच्या षटकोनी फरश्या गाउदींच्या आहेत. शंख, तारामासा, समुद्री शेवाळ. एका फरशीवर चित्र पूर्ण होत नाही, शेजारच्या जोडल्या की होतं. मग वर बघा. एकाच रांगेत तिघा मोठ्या वास्तुविशारदांची घरं: दोमेनेक इ मोंतानेर यांचं कासा येओ मोरेरा, पुच इ कादाफाल्क यांचं कासा आमात्येर, आणि शेजारीच गाउदींनी १९०४ ते १९०६ मध्ये नवं रूप दिलेलं कासा बात्यो. स्पॅनिशमध्ये ‘मान्साना’ म्हणजे सफरचंदही आणि घरांचा चौकोनही, म्हणून ग्रीक पुराणातल्या भांडणाच्या सफरचंदावरून लोक या रांगेला ‘भांडणाची मान्साना’ म्हणतात. बाहेरून हे सगळं फुकट आहे आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर जास्त चांगलं दिसतं.

आता पैशांचा प्रश्न. कासा बात्यो की ला पेद्रेरा? माझं मत ठाम आहे: ला पेद्रेरा. बात्योच्या आतल्या चौकाला लावलेल्या निळ्या टाइल्स वर गडद आणि खाली फिकट होत जातात, खिडक्या वर लहान आणि खाली मोठ्या होतात, म्हणजे तळमजल्यालाही वरच्या मजल्याइतकाच उजेड मिळावा. ही गोष्ट तुमच्याकडून सुटेल, याचं मला वाईट वाटतं. पण तिथे गर्दी, आवाज आणि दिव्यांचे खेळ इतके आहेत की इमारत त्यांच्याखाली दबते. मुलीला तेच आवडण्याचा संभव आहे, हे कबूल. तसं असेल तर तिच्यासोबत एकानेच जावं, चौघांनी नको.

ला पेद्रेरा म्हणजे ‘खाण’. हे तिथल्या लोकांनी चेष्टेने ठेवलेलं नाव. मूळ नाव कासा मिला, काम १९०६ ते १९१२. लाटांसारखी दगडी दर्शनी भिंत डोंगर तासून काढल्यासारखी वाटते, पण ती घराचा भार उचलत नाही. भार आतले खांब आणि पोलादी तुळया घेतात. त्यामुळे आतल्या भिंती हव्या तशा सरकवता येतात आणि खिडक्या हव्या तेवढ्या मोठ्या. खरं पाहायचं ते पोटमाळ्यावर. तिथे विटांच्या २७० कमानी आहेत, ओळीने, एखाद्या प्रचंड प्राण्याच्या बरगड्यांसारख्या. प्रत्येकीची उंची वेगळी, म्हणून वरची गच्ची खालीवर होते. या कमानी टेकूंशिवाय कशा उभ्या राहतात, ते मुलीला घरीच करून दाखवा. आईची सोन्याची साखळी दोन बोटांत दोन्ही टोकांनी धरा. ती स्वतःच्या वजनाने जो आकार घेते त्यात फक्त ताण असतो, वाकणं नाही. तो आकार जसाच्या तसा उलटा केला की त्यात फक्त दाब उरतो, आणि दगड-विटांना दाबाइतकं दुसरं काही सोसत नाही. ही गाउदींची सगळी जादू. पोटमाळ्याला लिफ्ट आहे. गच्चीवर पायऱ्यांची चढउतार भरपूर आहे. आई-बाबांनी दारातून डोकावून परत फिरावं.

त्याच दिवशी दुपारी पालाउ दे ला मुसिका. गायकवृंदासाठी दोमेनेक यांनी १९०५ ते १९०८ मध्ये बांधलेलं सभागृह. पोलादी सांगाडा असल्यामुळे भिंती जवळपास काचेच्याच आहेत, आणि छतातून रंगीत काचेचा एक प्रचंड थेंब खाली ओघळतोय. मैफलीचं तिकीट काढावं की दिवसा नुसतं बघावं, असं बरेच जण विचारतात. उजेड बघायचा असेल तर दिवसा. ज्या बोळात ते कोंबलंय तिथून बाहेरचं रूप धड दिसतच नाही, त्यात वेळ घालवू नका.

पार्क ग्वेल मी तुम्हाला गाळायला सांगेन, आणि यावर लोक माझ्याशी भांडतात. श्रीमंतांसाठी साठ भूखंडांची वसाहत म्हणून १९०० मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प, घरं विकली गेली नाहीत म्हणून १९१४ मध्ये थांबला. तिथली सर्वात हुशार गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: वरच्या मैदानावरचं पावसाचं पाणी गाळलं जाऊन खालच्या ८६ खांबांच्या दालनातल्या खांबांच्या पोटातून जमिनीखालच्या टाकीत उतरतं. जे दिसतं ते म्हणजे झुझोल या सहकाऱ्याने फुटक्या टाइल्सनी मढवलेला नागमोडी बाक, ज्यावर बसायला रांग असते. या फुटक्या टाइल्सच्या कामाला तिथे त्रेंकादिस म्हणतात आणि पर्यटक त्याचं फार कौतुक करतात. मुंबईतल्या जुन्या इमारतीत वाढलेल्या माणसाने मात्र गच्चीवरचं चायना मोझॅक आठवावं. तेच तुकडे, तीच पांढरी चमक. गोल पृष्ठभागावर अखंड टाइल बसत नाही म्हणून फोडायची, हा हिशोबही तोच. चढ बराच आहे आणि प्रवेश तिकिटाचा आहे. मुलीचा हट्ट असेल तर सकाळी उघडताना एकाने तिला घेऊन जावं, बाकीच्यांनी निवांत न्याहारी करावी.

त्याऐवजी तिसऱ्या दिवशी सकाळी शहराबाहेर चला. प्लासा दे एस्पान्याहून लोकल गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर कोलोनिया ग्वेल आहे, कापडगिरणीच्या कामगारांची वसाहत. मालक ग्वेल यांनी कामगारांसाठी चर्च बांधायला गाउदींना सांगितलं. गाउदींनी दहा वर्षं त्याचा नमुना करण्यात घालवली. छताला दोऱ्या टांगल्या, दोऱ्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या, प्रत्येक पिशवी म्हणजे त्या जागी येणाऱ्या भाराचं प्रमाण. मग त्या लोंबत्या जाळीचा फोटो काढून उलटा धरला की चर्च. संगणक यायच्या कितीतरी आधी, दोऱ्या आणि गुरुत्वाकर्षण हाच संगणक. १९०८ ते १९१४ मध्ये तळघर तेवढं बांधून झालं, नंतर पैसे थांबले. पण तेवढं पुरतं. आत काळ्या बसाल्टचे ओबडधोबड खांब तिरके उभे आहेत, झाडं कललेली असतात तसे. भार जिकडून येतो तिकडे खांब कलला, बस्स. कोणी आधाराला उभं नाही. साग्रादाची रंगीत तालीम इथे झाली, आणि गर्दी म्हणाल तर तुमच्याशिवाय दहा-बारा माणसं असतील.

परतताना प्लासा दे एस्पान्याजवळच मीस फान देर रोह आणि लिली राइश या जर्मन रचनाकारांनी १९२९ च्या प्रदर्शनासाठी उभारलेला जर्मन मंडप आहे. प्रदर्शन संपल्यावर तो मोडला गेला आणि १९८०च्या दशकात त्याच जागी पुन्हा बांधला. आठ सडपातळ पोलादी खांब छत पेलतात. संगमरवर आणि ऑनिक्सच्या महागड्या भिंती काहीच पेलत नाहीत, नुसत्या उभ्या असतात. अर्ध्या तासात होतो. तुमच्या आईला ‘यात बघायचं काय’ असं वाटेल, आणि वाटलं तर तसं म्हणू द्या.

चौथा दिवस. सकाळी उशिरा सांत पाउ रुग्णालय, पुन्हा दोमेनेक यांचं, १९०२ ते १९३०. यादीतलं हे अजिबात गाळू नका. बगिच्यात सुटे सुटे मंडप, त्यांना जोडणारे जमिनीखालचे बोगदे, धुवायला सोपं पडावं म्हणून भिंतींना आणि छतांना टाइल्स. रुग्णालयात रंग आणि फुलं असली की माणूस लवकर बरा होतो, असा बांधणाऱ्याचा विश्वास इथे पावलोपावली दिसतो. २००९ पर्यंत इथे खरोखरच रुग्ण होते. सेर्दाच्या जाळीत हे आवार मुद्दाम पंचेचाळीस अंशांत वळवलंय. आधीचे दोन दिवस जाळीत फिरला असाल तर हा वळसा पायांनाच कळतो. दारासमोरून आविंगुदा दे गाउदी हा चालण्याचा रस्ता सरळ साग्रादाकडे जातो. दहा मिनिटं, उतार, दोन्ही बाजूंना खाण्याची दुकानं. शाकाहारी असाल तर तिथे ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही, हॅमचे बारीक तुकडे आणि ट्युना मासा कित्येकांच्या लेखी मांसात मोडत नाही. दोन्हीची नावं घेऊन नको म्हणा. टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा मात्र निर्धास्त खा.

आणि मग साग्रादा. १८८२ मध्ये दुसऱ्याच वास्तुविशारदाने सुरू केलेलं काम, १८८३ मध्ये गाउदींच्या हाती आलं, त्रेचाळीस वर्षं त्यांनी ते केलं. १९३६ मध्ये त्यांची कार्यशाळा जाळली गेली आणि प्लास्टरचे नमुने फोडले गेले. पुढच्यांनी ते तुकडे जोडत जोडत काम ओढलं. हे शक्य झालं ते भूमितीमुळे. गाउदींचे वाकडे पृष्ठभाग सरळ रेषांचे बनलेले आहेत. वेताचा मुढा आठवा: एकेक काडी सरळ, पण मुढ्याची कंबर गोल आत गेलेली. हायपरबोलॉइड म्हणजे तोच. तुकडा सापडला की नियम सापडतो, नियम सापडला की उरलेलं पूर्ण करता येतं.

आत शिरल्यावर खांबांकडे बघा, आणि सांता मारिया आठवा. इथे टेकू नाहीत. खांब वर जाऊन झाडासारखे फुटतात, प्रत्येक फांदी छताचा आपापला भाग उचलते आणि भाराच्या दिशेने कलते. जितका भार जास्त तितका दगड टणक: वाळूचा दगड, ग्रॅनाइट, बसाल्ट, आणि मधल्या चार खांबांना लालसर पॉर्फिरी. रंगांचे फरक डोळ्यांनी ओळखता येतात. मधलं छत ४५ मीटरवर आहे. काचा पूर्वेकडे निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेकडे लाल-नारिंगी; म्हणून दुपारी उशिराची वेळ घ्या, ऊन पश्चिमेच्या काचांतून आत येतं तेव्हाची.

बाहेरचे दोन दर्शनी भाग एकमेकांशी जुळत नाहीत, ते मुद्दाम. येशूच्या जन्माचा भाग गाउदींच्या हयातीतला, पानाफुलांनी खच्चून भरलेला. त्याच्या यातनांचा भाग शिल्पकार सुबिराक्स यांचा, हाडांसारखा कोरडा. त्यावर चार बाय चारचा आकड्यांचा चौकोन आहे, कुठूनही बेरीज ३३. मुलीला सांगा, यात दोन आकडे दोनदा आलेत आणि दोन गायब आहेत, ओळख. तेवढ्यात तुम्ही कोपऱ्यातल्या शाळेच्या छोट्या इमारतीकडे जा. १९०९ मधली, बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी. विटांचं पातळ छप्पर लाटांसारखं वाकवलंय, आणि त्या वाकण्यामुळेच ते ताठ राहतं. वास्तुविशारद ल कोर्ब्युझिए यांनी १९२८ मध्ये तिचं रेखाचित्र काढून नेलं होतं. खालच्या संग्रहालयात दोऱ्यांचा टांगता नमुना आहे, खाली आरसा लावलेला. कोलोनिया ग्वेल बघून आलेला माणूस तिथून हलत नाही.

मनोऱ्यांचं तिकीट काढू नका. वर लिफ्टने नेतात, पण उतरायचं अरुंद गोल जिन्याने. मी वडिलांना हौसेने नेलं, ते उतरताना भिंत धरून मोजून पावलं टाकत होते आणि मागची रांग खोळंबली होती. पुढचे दोन दिवस ते हॉटेलच्या खोलीत होते. नव्या मनोऱ्यांबद्दल माझ्या मनात किंतुही आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये या चर्चने जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकून जगातलं सर्वात उंच चर्च हा मान मिळवला. मधल्या येशूच्या मनोऱ्याची ठरलेली उंची १७२.५ मीटर, मोंजुइक टेकडीपेक्षा जराशी कमी, कारण देवाने केलेल्यापेक्षा माणसाने उंच करू नये असं गाउदींना वाटे. हे वरचं काम आतून ताण दिलेल्या दगडी पट्ट्यांचं आहे. उत्तम अभियांत्रिकी, पण आतल्या झाडांसारखा स्वतःच्या वजनावर उभा राहणारा तो हट्ट तिथे मला दिसत नाही. समोरच्या रस्त्यावरच्या राहत्या इमारती पाडून मुख्य प्रवेशाच्या पायऱ्या करायच्या की नाही, यावरही तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. खिडकीत कपडे वाळत घातलेली ती घरं बाहेर पडताना बघून ठेवा.

तेव्हा आतून बघायच्या मोठ्या तिकिटांत ला पेद्रेरा, पालाउ, सांत पाउ आणि साग्रादा. बाकीचं बाहेरून, फुकट किंवा स्वस्त. साग्रादाचं तिकीट वेळ ठरवून ऑनलाइनच मिळतं, तेव्हा विमानाचं पक्कं झालं की त्याच दिवशी काढा, आणि अधिकृत संकेतस्थळावरूनच. चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत. मेट्रोचं दहा फेऱ्यांचं टी-कॅज्युअल कार्ड एकाच माणसाला चालतं, चौघांत वाटून घेता येत नाही, आणि विमानतळाच्या मेट्रो स्थानकांवर चालत नाही.

एक गोष्ट मात्र तारखा बघून ठरवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. तोवर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यानंतर एकदम सहाच्याही आधी. तुमची साग्रादाची भेट त्या रविवारच्या आधी असेल तर साडेचारची वेळ घ्या, नंतर असेल तर साडेतीनची.